नळीतलं लगीन

नळीतले दोन द्रव ढवळले, की घडीभर एकजीव दिसत आणि लगेच फारकत घेऊ लागत. म्हणून विशाखा तेवढ्यातच वरच्या टोकाला तापलेली सळई टेकवायची. वरचा थर घट्ट व्हायचा, त्याच्याच धगीने खालचा, त्याच्या धगीने त्याच्याही खालचा. वेगळं व्हायला सवड मिळण्याआधीच दोघं एका कांडीत बांधले जायचे.

टिळेकर सर याला ‘लगीन’ म्हणत. तिने सळई टेकवायच्या क्षणी ते ओरडायचे, “शुभमंगल सावधान!”

आज एका नळीपुरतेच द्रव उरले होते. दुपारी समिती येणार होती. अखंड कांडी दाखवली नाही, तर विशाखाचं इतक्या वर्षांचं काम बंद.

तिने ढवळलं, सळई उचलली. “म्हणा सर.”

“शेवटचं लगीन, पोरी. आज अख्खं मंगलाष्टक म्हणतो.”

“आवरा हं लवकर. नवरी पळून जाईल.”

सरांनी डोळे मिटून सूर लावला. लेक सासरी निघावी तसा त्यांचा गळा भरून आला, ओळ लांबत गेली. विशाखाचेही डोळे भरले आणि नळीकडे बघायचं राहून गेलं.

“सावधान!”

तिने सळई टेकवली. धग खाली उतरली, मध्यावर आली आणि विझली. त्याखाली दुसरा द्रव केव्हाच वेगळा होऊन बसला होता.

“मी गात बसलो गं,” सर पुटपुटले.

“छान गायलात, सर.”

बाहेर समितीची गाडी थांबली. विशाखा नळी कानाशी धरून हलवत होती. तळाशी द्रव डुचमळत होता.