अॅप उघडेना

ऑपरेशननंतर सलमा अजून शुद्धीवर आली नव्हती. बायकोच्या खाटेशेजारी बसून नाजी मोबाइलवर ऑफिसचं कामवाटपाचं अॅप उघडायला बघत होता. ऑलिव्ह तेलाचे कंटेनर उद्या स्फॅक्स बंदरातून निघायचे होते. नोकरी नवी, त्यामुळे रजा मागायचा धीर झाला नव्हता. इस्पितळातूनच काम करतो, असं त्याने कळवलं होतं. आणि आता अॅप काही केल्या उघडेना. शेवटी त्याने ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या लमियाला फोन लावला.

"मोबाइल बंद करून चालू केलास?"

"केला."

"अॅप काढून परत टाकलंस?"

"अगं, तेही झालं. पासवर्डच चुकीचा म्हणतंय. मला काढून तर नाही ना टाकलं?"

"वेडा आहेस का? इथे सगळ्यांचंच बंद पडलंय. आज काही ते सुरू होत नाही. तू बस निवांत सलमापाशी."

नाजीचा जीव भांड्यात पडला. तो फोन ठेवणार, तोच पलीकडून पुन्हा लमियाचा आवाज आला. बोलणं संपलं असं समजून तिने फोन तसाच टेबलावर ठेवला होता.

"बदललाय मी त्याचा पासवर्ड. बोला आता, नाजीची कामं कोण कोण घेतंय?"

एकच गलका उठला. त्यातून साहेबांचा खरखरीत आवाज वर आला, "बंदरावर मी जातो. आणि त्याला कुणी काही सांगू नका, उठून येईल वेडा."