भागीरथाचं दुखणं

भागीरथाचा जबडा वर्षभर ठणकत होता, पण दवाखान्यात बोलायचे ते तिचे यजमान शेषराव. बाईमाणसाने परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, अशी घरची रीत. त्यांचं ऐकून तेल्हाऱ्याच्या वैद्यांनी जंतांचं औषध दिलं, परतवाड्याच्या हकिमांनी शेक सांगितला, आणि शेषरावांनी बोट दाखवलं म्हणून अमरावतीत दोन धडधाकट दाढाही निघाल्या. ठणका तसाच राहिला. आज ती अकोल्याच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसली होती. “झोपीत कराकरा दात खाते, सायेब. अजून एक दाढ काढून टाका,” शेषराव म्हणाले. डॉक्टरांनी चिमटा उचलला, तसा भागीरथाने तो मुठीत पकडला. “दाढ चांगली हाय, डॉक्टरसायेब. दिवसभर दात आवळले जातात माहे, म्हणून जबडा दुखते.” डॉक्टर थबकले. “का आवळता, बाई?” “तिले सवयच हाय तशी,” शेषराव घाईने म्हणाले. “पायलं, डॉक्टरसायेब? इचारलं मले, बोलले हे,” भागीरथा म्हणाली आणि चिमटा सोडला.