पांढरा कोट

धाकट्या जावेचा पांढरा कोट मी अंगाला लावून आरशात पाहिला आणि कोणी यायच्या आत परत खुंटीवर टांगला.

ऑर्डरच्या पोळ्या लाटताना माझा हिशेब सुरूच असतो. तिच्या मेडिकल असिस्टंटच्या सर्टिफिकेटला साठ हजार लागले. त्यातले निम्मे माझ्या पोळ्यांचे. दवाखान्यात तिला मिळतात नऊ हजार, त्यातूनही रिक्षाभाडं जातं. मला ऑर्डरींचे पीठ-गॅस वजा जाता बारा सुटतात, तेही बिनसर्टिफिकेटचे. मग पुढे कोण? एवढं मनात आलं की जिवाला जरा गार वाटतं.

संध्याकाळी सासूबाईंची भावजय आली. सासूबाईंनी धाकटीला मुद्दाम कोट घालून पाहुणीचं बीपी बघायला लावलं. पाहुणी हरखलीच.

"नशीब काढलंत, वन्सं! आणि ही मोठी काय करते?"

मी लाटणं थांबवलं.

"ही होय? ही घरीच असते." सासूबाईंनी माझ्या ऑर्डरच्या चळतीतून दहा-बारा पोळ्या उचलल्या आणि फडक्यात बांधून पाहुणीच्या हातात दिल्या. पाहुणीने संकोचून पर्स उघडली.

"पैसे कसले, वहिनी? घरच्याच तर आहेत!"