एकोणचाळीस, बावीस

“नंबर बदलून टाकू, मास्तर. पाच मिनिटांचं काम आहे,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी सवलतीचं कार्ड टेबलावर ठेवलं होतं, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही.

सिस्टर दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. दर बुधवारी दुपारी त्या औषधाच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायच्या आणि म्हाताऱ्यांना सवलतीच्या योजना समजावून सांगायच्या. कुठली गोळी दुसऱ्या नावाने स्वस्त मिळते, कुठलं कार्ड कुठल्या औषधाला चालतं, फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत काय दडलंय. मास्तर शिंपी होते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. आता त्यांना हृदयाची गोळी लागली होती आणि ती या कार्डावर निम्म्या किमतीत मिळायची.

अडचण एकच होती. कार्डाचा फॉर्म मुलाने भरला होता आणि त्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. त्यामुळे दर महिन्याला गोळ्या घेताना चार आकडी ओटीपी लांबच्या गावी, मुलाच्या फोनवर जायचा. मग मास्तरांनी त्याला फोन लावायचा, त्याने आकडे सांगायचे आणि दुकानदाराने ते दाबायचे.

“ओटीपी तुमच्याच फोनवर आला की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको,” सिस्टर म्हणाल्या. “मुलगाही सुटेल. उगाच दर महिन्याला त्याचा खोळंबा.”

खोळंबा हा शब्द मास्तरांना लागला. मुलगा दुपारी एकच्या सुमाराला जेमतेम पंधरा मिनिटं मोकळा असायचा. त्यातच घाईघाईने आकडे सांगायचा. बायको होती तोवर घरातले फोन तिच्यामार्फत चालायचे. ती गेली आणि बापलेकांना बोलायला कारण लागायला लागलं. कारण म्हणून ही एक गोळीच उरली होती. मास्तर दुकानात येताना दोन-तीन गोष्टी मनाशी ठरवून यायचे. जिन्याचा कठडा नवा बसवला. समोरच्यांची मांजर व्याली. पण आकडे संपले की फोनही संपायचा. गोष्टी तशाच परत घरी जायच्या.

“बदला,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी बोट उचललं. “त्याच्या मागची कटकट तरी जाईल.”

नंबर बदलण्यासाठीही शेवटचा ओटीपी जुन्याच नंबरवर जाणार होता. मास्तरांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

“बाबा? गोळ्या संपल्या एवढ्यात?”

“गोळ्या आहेत रे. आज नंबर बदलतोय. एवढा एक ओटीपी सांग, मग सुटलास. पुढचे माझ्याच फोनवर येतील.”

पलीकडे कसला तरी गलका चालला होता. “पुढचे सगळे?” मुलाने विचारलं.

“आला का ओटीपी?” सिस्टरनी विचारलं.

“आला. एकोणचाळीस, बावीस.”

सिस्टरनी तीन, नऊ, दोन, दोन दाबलं. चूक.

मास्तरांना हसू फुटलं. “सिस्टर, याचं एकोणचाळीस लहानपणापासून उसवलेलं आहे! मी मापं सांगायचो, हा वहीत लिहायचा. छाती एकोणचाळीस म्हटलं की याला त्यातलं चाळीस तेवढं ऐकू यायचं. मग हा चारावर नऊ लिहून मोकळा. एकाचा सदरा असा झाला, की आत त्याची बायकोही मावली असती!”

फोनमधून हसणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत मास्तरांनी ते ऐकलं नव्हतं.

“मग एकोणपन्नास असेल,” मुलगा म्हणाला.

सिस्टरनी चार, नऊ, दोन, दोन दाबलं. तेही चूक.

“अहो, जोडून नका सांगू. एकेक आकडा सुटा सांगा,” सिस्टर वैतागल्या. “आणि नीट बघून सांगा. आता चुकलं तर वर्षभर नंबर बदलता यायचा नाही.”

“वर्षभर?” मुलाने विचारलं.

“वर्षभर.”

पलीकडे घंटा वाजली. गलका हळूहळू ओसरला. एरवी घंटा झाली की मुलगा “ठेवतो” म्हणायचा. आज तो अगदी सावकाश म्हणाला, “चार. नऊ. दोन. पाच.”

चूक. पडद्यावर लाल पट्टी आली आणि सगळं बंद पडलं.

“घ्या! बसा आता!” सिस्टरनी कपाळाला हात लावला.

“माझंच चुकलं, बाबा,” मुलगा म्हणाला. “आता वर्षभर मलाच फोन करावा लागणार तुम्हाला.”

“करेन की. त्यात काय.”

आकडे संपले होते. फोन मात्र कुणी ठेवला नाही.

“त्या सदऱ्याचं पुढे काय केलंत, बाबा?”

मास्तरांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सदरा उसवला कसा, जास्तीच्या कापडातून तुझ्या आईने उशांच्या दोन खोळी कशा काढल्या, त्यातली एक अजून माझ्या उशीला आहे. कठडाही सांगून झाला. मांजरही सांगून झाली.

फोन ठेवून ते वळले तेव्हा सिस्टर कार्ड हातात धरून उभ्या होत्या.

“साधे चार आकडे धड वाचता येऊ नयेत! तुमच्यासारखा शिंपी झाला असता तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. करतो तरी काय तुमचा मुलगा?”

मास्तरांनी कार्ड घेतलं, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हलकेच थोपटलं.

“तोही मास्तरच आहे,” ते म्हणाले. “शाळेत गणित शिकवतो.”