निंबाखालची मिना

वारंगा फाट्यावर ऑटो थांबला तशी शिलानं लेकीचा मास्क पुन्हा एकदा वर ओढला.

"खाली उतरायचं न्हाई. मिनाला इथूनच बघायचं. बराबर?"

राजनंदिनीनं मान हलवली. हट्ट करूनच आली होती ती. दोघी पोरींना जन्मापासून एकच आजार, सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साचायचा आणि त्यात जंतू ठाण मांडून बसायचे. रोज व्हिडिओ कॉलवर खिदळायच्या, पण समोरासमोर येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी दोन्ही आयांना बजावलं होतं. मिनाच्या छातीतले जंतू आता कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. ते राजनंदिनीला लागले तर?

हॉटेलासमोरच्या मोकळ्या जागेत, पार त्या टोकाला निंबाखाली मिना उभी होती. अकरा वर्षांची, पण सात-आठची वाटावी एवढीशी. तिची आई शकुंतलाबाई एकटीच पुढे आली. हातातला बर्फाचा डबा तिनं दगडावर ठेवला आणि आपणहून चार पावलं मागे सरली.

शिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारी आलेल्या बाईला चहापाण्याशिवाय जाऊ न देणारी ती, आज तिला जवळ ये म्हणता येईना.

"वाफेनं ओढायचं औषध हाय. डॉक्टरला इचारूनच आणलं," शकुंतलाबाई म्हणाली.

आठ दिवस नांदेड पालथं घालूनही हे औषध मिळालं नव्हतं. राजनंदिनीचा खोकला रोज वाढत होता. शिलानं ऑटोतून उतरून डबा उचलला आणि छातीशी धरला.

"आन मिनाला?"

"तिला आता लागू पडत न्हाई, बाई. तुमच्या लेकराला पडतंय तवर देऊन घ्या."

तेवढ्यात मागून ओरडा ऐकू आला.

"मिना!"

राजनंदिनी ऑटोतून उडी मारून निंबाकडे सुटली होती. मास्क हनुवटीवर आलेला.

"नंदे, थांब! अगं थांब!"

पोरगी ऐकते कशाची! शिला डबा घेऊन मागे धावली, पण अंतर फार होतं.

मिनानं राजनंदिनीला येताना पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिनं ओढणीचा बोळा तोंडावर दाबला, पाठ फिरवली आणि कपाळ निंबाच्या खोडाला टेकवलं. खोकल्यानं तिचे खांदे गदागदा हलत होते.

राजनंदिनी जागच्या जागी थबकली.

तेव्हा पाठमोऱ्या मिनानं एक हात वर केला आणि तिला टाटा केला.