नदी घरातून गेली

“काकू, दार लावताय की काढताय?” वेनचीनं विचारलं, तोवर पेंगकाकूंनी दुकानाची शेवटची फळीही खोबणीतून उचलून बाजूला ठेवली होती.

“काढतेय. नदी येतेय.”

वेनचीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मागच्या अंगाला घाटाच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली चालल्या होत्या आणि ही बाई घर दोन्हीकडून उघडं टाकत होती. वेनची उत्तरेच्या कोरड्या मुलखातली. तिकडे तोंड धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतात. पेंगकाकूंच्या मुलाशी, च्युनशानशी, तिचं लग्न ठरलं होतं आणि चार दिवस राहायला म्हणून ती आली होती. च्युनशान शहरातच अडकला, रस्ता बंद. नदी मात्र वेळेवर आली.

आमच्या चिंगथानात नदी अशीच येते. पूर्वी घाटाला मिठाच्या होड्या लागायच्या, तेव्हाही यायची. घरं सगळी लाकडाची, खांबांत तुळया गुंतवून उभी केलेली, खिळा औषधालाही सापडायचा नाही. पाणी अडवलं तर ते घर खांबांसकट उचलून नेतं. म्हणून पुढच्या-मागच्या फळ्या काढायच्या, बाकं वर टांगायची आणि माळ्यावर जाऊन बसायचं. यात शौर्य कसलं आलंय? पाऊस दिसला की वाळवण उचलतात, तसंच हे.

“पाहुण्यांनी वर जाऊन बसावं,” काकू म्हणाल्या. “इथं लुडबूड नको.”

वेनची गेली नाही. तिनं बाकं उचलून दिली, तांदळाचं पोतं दोरीला बांधून माळ्यावर ओढलं. मागच्या फळ्याही एकेक करून निघाल्या. राहिली कोपऱ्यातली खोली, घाटाच्या बाजूला दोन पायऱ्या खाली असलेली. काकूंनी पलंग ओढला आणि त्या तशाच वाकून राहिल्या. फळ्यांना वरपासून खालपर्यंत खिळे मारलेले होते.

“हे कुणी केलं?”

वेनचीनं खरं ते सांगितलं. “च्युनशाननं. पण सांगितलं मी. नववर्षाला आले होते ना, तेव्हा फटींतून वारा यायचा, माझा खोकला थांबेना. मीच म्हटलं, बुजवून टाक.”

पेंगकाकूंची जीभ गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालायला गेलेला माणूस आपलंच चुकलं असं म्हणत घरी येतो. पण आता त्या एवढंच म्हणाल्या, “खिळे.” आणि फळीवरून हात फिरवला.

बाहेरून पाणी फळ्यांवर रेटा देत होतं. कोपऱ्यातला खांब कण्हला. मग वरची तुळई. काकूंनी मान वर करून पाहिलं आणि दोन्ही हातांनी खांब धरला. याच घरात त्या सून म्हणून आल्या, इथंच त्यांचा नवरा गेला. हे गेलं तर बाईकडं दुसरं काही नाही, हे वेनचीला कुणी सांगायला लागलं नाही.

तिनं चुलीजवळची कुऱ्हाड आणली. “फोडू?”

“सासऱ्यांनी तासलेल्या फळ्या आहेत त्या.” काकू म्हणाल्या. खांब पुन्हा कण्हला. “फोड.”

वेनचीनं घाव घातला. जुनं लाकूड, कुऱ्हाड उसळून परत आली. ती रडत होती आणि घाव घालत होती. एक फळी उभी चिरली, तिच्या फटीतून पाण्याची धार आली. काकूंनी पहार घालून ती फट रुंद केली. मग दुसरी फळी गेली, आणि मग पाण्यानं बाकीचं काम स्वतःच केलं. काकूंनी तिचं मनगट धरून तिला शिडीकडं ओढलं.

माळ्यावर दोघी ओल्याचिंब बसल्या. कण्हणं थांबलं होतं. एवढं मोठं घर, पण आता कुठं साधी करकर नव्हती.

माळ्याच्या चौकोनी तोंडातून वेनचीनं खाली पाहिलं. नदी मागून आत येत होती, खांबांना वळसा घालून दिवाणखान्यातून जात होती आणि दुकानातून गल्लीत उतरत होती. एक भोपळा आला, फिरला, गेला. घराच्या मधल्या उघड्या चौकातून आलेलं ऊन पाण्यावर पडून वर छताला नाचत होतं. खांब जिथल्या तिथं उभे होते. एवढी सुंदर गोष्ट आपण उभ्या जन्मात पाहिली नाही, असं तिला वाटलं, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

“ही आत थांबत नाही?” तिनं हळूच विचारलं.

“कशाला थांबेल? पुढं कामं आहेत तिला.”

तेवढ्यात मागून हाक आली. शेजारचा थिएन नावाडी आपली चपटी होडी घेऊन थेट घरात शिरला. गल्लीत जायला आज हीच वाट जवळची होती. बांबू रेटत तो माळ्याखाली आला आणि त्यानं वर पाहिलं.

“वहिनी, ठीक आहात ना? पाहुणी घाबरली असेल.”

“पाहुणी कोण?” काकू म्हणाल्या. “कोपऱ्यातल्या फळ्या तिनं फोडल्या. च्युनशानची बायको आहे ती.”

लग्न अजून व्हायचं होतं. वेनचीनं ते तसंच राहू दिलं.

थिएन हसला आणि बांबू टेकवून पुढं निघाला. समोरच्या भिंतीवर, पाण्याच्या वर, पेंग घराण्याच्या पूर्वजांच्या नावांच्या, पूजेतल्या पाट्या मांडलेल्या होत्या.

“थिएन,” काकूंनी वरून दरडावलं, “आमच्या वडीलधाऱ्यांसमोरून चाललायस. टोपी काढ.”

त्यानं बांबू काखेत धरला, टोपी काढली आणि मान खाली घातली. पाण्यानंच होडी हळूहळू पाट्यांसमोरून नेली आणि दुकानातून बाहेर सोडली.