सशाची साक्ष

विमा कंपनीत आयुष्यभर इतरांच्या नुकसानीची कारणं शोधणाऱ्या बापाला घरातला ससा कशाने मेला, हे काही सांगता आलं नाही. सकाळी धडधाकट असलेला ससा दुपारी पिंजऱ्यात आडवा पडला होता. घरात तेव्हा एकटा बापच होता.

"तुम्हीच मारलंत त्याला," लेक म्हणाली. "तुम्ही घरात आलात की तो घाबरून पाय आपटायचा. फक्त तुम्ही आलात की!"

"अगं, सशाची साक्ष कुठल्या कोर्टात धरतात?"

त्यानंतर लेकीने बोलणंच टाकलं. भरीस भर म्हणजे, ससा गेला तरी पाय आपटणं थांबेना. बापाने उंबऱ्यात पाऊल टाकलं की रिकाम्या पिंजऱ्यातून धप्प.

रविवारी बाप मुद्दाम दिवसभर पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. एकदाही आवाज आला नाही.

"बघ, आहे का काही?"

लेक आठवड्यात पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात पिंजऱ्यात धप्प झालं. पाठोपाठ बाहेरून कुलपात किल्ली फिरली.

"आले गं तुझे बाबा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

लेक खुर्चीतल्या बापाकडे एकटक बघत हळूहळू दाराकडे सरकली.